देगेतला प्रसाद

॥ श्री ॥

काचीगुडा, हैदराबाद
कार्तिकी एकादशी, १२ नोव्हेंबर २०२४

चि. अनिकेत यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि त्याच्यासोबतचा व्हिडिओ मिळाला त्याला बरेच दिवस झाले. फोन केला असता तर आधी तुझा आवाज चढला असता, मग माझा, आणि तुझ्या बाबांनी मध्येच फोन काढून घेतला असता. म्हणून कागद घेतला. आज एकादशी, स्वयंपाकाचा व्याप नाही, दुपार मोकळी आहे. तूही हे सावकाश वाच.

तू विचारलंस, "तुझ्या शहरात देवीची मूर्ती फोडली, आता तरी बोलशील की नाही?" बोलते. आणि मेसेजच्या शेवटी जे तू जाता जाता लिहिलंस त्यावरही बोलते. चंपाषष्ठीच्या जत्रेत बांगडीवाल्या मणियारांना आणि बाकीच्या मुसलमान दुकानदारांना पालं ठोकू द्यायची नाहीत, तसा फलक वेशीवर लावायचा, असं तुम्ही मुलांनी ठरवलंय. तुझं अक्षर चांगलं, म्हणून फलकाचा मजकूर तू रंगवणार आहेस.

आधी देवीचं. सिकंदराबादच्या कुर्मागुड्यातली मुत्यालम्मा ही आपल्याकडच्या मरीआईसारखी वस्तीची देवी. आषाढात बोनालूचा सण येतो तेव्हा बायका डोक्यावर भाताचं मडकं, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि पेटता दिवा घेऊन अशा देवींच्या दारी जातात. तिच्याकडे कुणी मोक्ष मागत नाही. पोराचा ताप उतरू दे, पाऊस पडू दे, घरातलं माणूस दारूतून सुटू दे, असली मागणी असते. १४ ऑक्टोबरच्या पहाटे एकाने त्या देवळात शिरून मूर्तीची नासधूस केली. वस्तीतल्या लोकांनी त्याला तिथेच धरलं, पोलिसांनी अटक केली. बातमी कळली तेव्हा माझ्या पोटात कालवलं. ज्याने हे केलं त्याला कायद्यात असेल ती शिक्षा पुरी व्हावी. त्यात मला कसलीही सूट नको आहे, आणि "वेडसर असेल बिचारा" असंही मी म्हणणार नाही.

तुझ्या व्हिडिओत मात्र देऊळ क्षणभर दिसतं. बाकी सगळा त्या नासधुशीविरुद्धचा १९ ऑक्टोबरचा मोर्चा आहे: दगड, चपला, पोलिसांचा लाठीमार, रक्ताळलेली डोकी, आणि वर मोठ्या आवाजातलं गाणं. मी तो दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा त्यात देवीला शोधत राहिले. तिच्यापुढे हात जोडून उभा असलेला एकही माणूस त्या तुकड्यांत घेतलेला नाही. ज्या बायका दर मंगळवारी तिला हळदकुंकू वाहतात त्यांना काय वाटलं, हे त्या व्हिडिओ जोडणाऱ्याला सांगायचंच नव्हतं. त्याला तुला चिडवायचं होतं, आणि ते त्याला साधलं.

भंगलेल्या मूर्तीचं काय करावं हे आपल्या परंपरेला ठाऊक आहे. तिचं विसर्जन कसं करावं, नवी कशी घडवावी, प्राणप्रतिष्ठा कशी करावी, याचे विधी आहेत. ते आहेत याचाच अर्थ मूर्ती भंगू शकते हे पूर्वजांनी गृहीत धरलं होतं, आणि तरीही देव भंगत नाही यावर त्यांचा विश्वास होता. पंढरीचा विठोबा संकटाच्या काळात देवळातून हलवून लपवून ठेवावा लागला, असं सांगतात. तो विजयनगरला नेला गेला होता आणि पैठणच्या भानुदासांनी परत आणला, ही कथा तू आजीकडून ऐकली आहेस. त्या भानुदासांचे पणतू एकनाथ. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे मुसलमान राजाचे चाकर. आक्रमण काय असतं, हे एकनाथांना तुझ्यामाझ्याहून जास्त माहीत होतं. त्यांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या देवाधर्मावर इतके तुटून पडतात की आज ते भारूड चौकात म्हटलं तर दोन्हीकडची माणसं अंगावर येतील. आणि शेवटी तेच दोघे एकमेकांना नमस्कार करतात. नाथांना भांडणाचं भय नव्हतं. भांडण कुठे नेऊन पोचवायचं, एवढंच त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या शहराचं आणखी एक तुला सांगते, कारण ते कुणी फॉरवर्ड करत नाही. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांची जयंती, एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. इथल्या मिलादच्या समितीने आपला जुलूस पुढे ढकलून १ ऑक्टोबरला काढला. यंदा मिलाद १६ सप्टेंबरला आणि विसर्जन १७ ला होतं. यंदाही त्यांनी जुलूस १९ तारखेला नेला. बाळापूरहून निघालेली मिरवणूक चारमिनारवरून हुसेनसागराकडे गेली, खैरताबादचा ७० फुटी गणपती पाण्यात गेला, आणि शहर रात्री शांतपणे झोपलं. याच मिरवणुकीवरून १९८४ साली इथे माणसं मेली होती. तेव्हा हे शांतपणे झोपणं मला फार मोठं वाटतं. दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी बसून ते घडवलं. आणि ती १७ सप्टेंबर होती, आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

त्या दिवसाकडे येते. त्याआधी १९९० च्या इथल्या दंगलीबद्दल थोडंच लिहिते, कारण त्या डिसेंबरच्या आठवणी काढायला मला आवडत नाही. शंभराहून जास्त माणसं गेली, जुन्या शहरात संचारबंदी होती, आणि आम्ही शाळेतल्या बाया हजेरीपटात कोण आलं नाही हे पाहून घाबरायचो. पुढे मानसशास्त्रज्ञ सुधीर कक्कर यांनी त्या दंगलीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दोन्ही बाजूंच्या पैलवानांशी, म्हणजे दंगलीत पुढे असणाऱ्या दांडग्यांशी बोलून लिहिलं आहे. धर्माचे रक्षक म्हणून मिरवणाऱ्या त्या माणसांचा रोजचा धंदा काय होता? जमिनीचे ताबे घेणं आणि ताबे सोडवून देणं. त्याच दंगलीत मुख्यमंत्री चेन्ना रेड्डींची खुर्ची गेली, आणि ती घालवण्यासाठीच आग पेटवली असं त्या वेळी उघड बोललं जाई. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना ना जमीन मिळाली ना खुर्ची.

आता १९४८. तू लिहिलंस, "रझाकारांनी आपल्याला काय केलं ते विसरलीस का?" विसरले नाही. बिदरकडच्या गोरट्यात त्या मे महिन्यात रझाकारांनी जी कत्तल केली, तिच्याबद्दल मी लहानपणापासून ऐकते आहे. रझाकारांचा म्होरक्या, लातूरचा वकील कासीम रझवी, त्याची भाषणं, जाळलेली गावं, सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत पळालेली माणसं, हे सगळं खरं आहे आणि ते शिकवलं गेलंच पाहिजे. पण माझ्या घरापासून जवळच, याच काचीगुड्यात, ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याला रझाकारांनी गाठून मारलं. त्याचा हात तोडला. हैदराबाद भारतात विलीन व्हावं असं तो उर्दूत लिहीत होता, हा त्याचा गुन्हा. आपल्या स्वातंत्र्यासाठी मेलेला हा माणूस मुसलमान होता, हेही त्याच इतिहासात आहे. तुमच्या फलकाप्रमाणे उद्या तो जत्रेत बांगड्या विकायला आला तर त्याला वेशीवर अडवावं लागेल.

१३ सप्टेंबरला पोलीस कारवाई म्हणून भारताच्या फौजा संस्थानात आल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. तिथे आपल्या घरातली गोष्ट संपवतात. मी पुढची सांगते. नेहरूंच्या सरकारने त्या वर्षअखेर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती इकडे पाठवली. त्यांनी गावोगाव फिरून अहवाल दिला, आणि तो अनेक दशकं प्रसिद्धच झाला नाही. त्यांचा अंदाज असा, की पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. मेलेले बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. आकड्यांवर वाद घालणारे घालतात. पण आपलं गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि आपल्या घरात त्याचा पुरावा आहे. तू त्यातला भात दरवर्षी खातोस.

महाप्रसादाला आपल्या घरून जी तांब्याची देग जाते, ती. तिच्या काठावर बोट फिरव. एका बाजूला तांबं ठोकून चेपलेलं आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं त्यावर उर्दूत नाव घातलेलं होतं. ते कुणीतरी हातोड्याने मोडलं. मला इथे राहून उर्दू अक्षरं ओळखता येतात. मी एकदा चिंचेने घासून नीट पाहिलं. आधीचं नाव गेलंय, नंतरचं नाव गेलंय, मधला 'वल्द' तेवढा वाचता येतो. अमक्याचा मुलगा अमका. दोन पिढ्यांची नावं ठोकून काढली आणि मधलं नातं राहिलं.

ती देग मोमीन विणकरांच्या घरातून आली. आणली माझ्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे तुझ्या पणजोबांच्या सख्ख्या भावाने, शरणागतीनंतरच्या त्या आठवड्यात. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस होता तो. वारी चुकवायचा नाही. रझाकार तोवर पळाले होते, लपले होते किंवा शरण गेले होते. गावात उरले होते ते मागावर बसणारे मोमीन, दोन मणियारांची घरं, एक अत्तार. त्या विणकरांचं पुढे काय झालं, हे माईला मी तीन-चार प्रकारे विचारलं. ती एवढंच म्हणायची, "वेशीबाहेरच्या बारवेचं पाणी त्यानंतर कुणी भरलं नाही."

माई म्हणजे माझी आजी. तिने त्या देगेतला प्रसाद कधी खाल्ला नाही. महाप्रसादाच्या दिवशी स्वतःच्या पितळी पातेल्यात वेगळा नैवेद्य करायची आणि देवाला तो दाखवायची. गावाला वाटायचं सोवळं फार आहे म्हातारीचं, मुसलमानाचं भांडं तिला चालत नाही. तिने तो समज कुणाला काढून दिला नाही. मी कॉलेजात असताना तिच्यावर चिडले, हा कसला विटाळ म्हणून. तेव्हा तिने मला मागच्या परसात नेलं आणि सांगितलं, की विटाळ भांड्याचा नाही, ते ज्या हातांनी आणलं त्यांचा आहे. चोरीच्या भांड्यात शिजवून देवाला दाखवायचं आणि वर हात जोडायचे, एवढं तिला जमणार नव्हतं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. धर्म म्हणजे काय, हे मला तिच्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलं नाही.

सुंदरलाल समितीच्या अहवालात एक गोष्ट अशी आहे, की ती मी कधीच विसरू शकत नाही. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू हल्लेखोरांपासून वाचवलं, आणि ते करताना स्वतःचे प्राणही दिले. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. एकाच गल्लीत माग, एकाच व्यापाऱ्याकडून सूत, एकाच दरात लूट. ते शेजाऱ्याच्या दाराशी उभे राहिले तेव्हा त्यांनी गीता वाचली होती का, कोण जाणे. पण बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगायला भगवंत सुरुवात करतात ती कुणाही प्राण्याचा द्वेष न करण्यापासून. आणि त्यावर ज्ञानोबा सांगतात, की पाणी गाईची तहान भागवतं आणि वाघाला विष होऊन मारतं, असं कधी करत नाही. माझ्या लेखी त्या विणकरांनी बारावा अध्याय जगून दाखवला. माळ घालून देग आणणाऱ्या आजोबांना तो पाठ होता.

तुझं पुढचं म्हणणं मला माहीत आहे. आपले देव शस्त्रधारी आहेत, खंडोबाच्या हातात खांडा आहे, श्रीकृष्णाने अर्जुनाला लढायला सांगितलं, अहिंसा ही दुबळ्यांची पळवाट. नीट ऐक. अन्यायी सत्तेविरुद्ध लढू नये असं मी म्हटलेलं नाही. इथे बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांची समाधी आहे, मी २२ जानेवारीला तिथे जाते. भगवी कफनी घातलेला संन्यासी, आणि निजामाविरुद्धच्या लढ्याचं त्यांनी नेतृत्व केलं. तुरुंग भोगले. पण लढा निजामाच्या राजवटीशी आणि रझाकारांशी आहे, मुसलमान शेजाऱ्याशी नाही, ही रेघ त्यांनी शेवटपर्यंत पुसू दिली नाही. भगव्याचा अर्थ त्यांच्याकडून शिकावा. ते अंगावर होतं तोवर त्यांना स्वतःसाठी काही मागता येत नव्हतं, सूडही नाही.

आणि महाभारतच काढलंस तर अर्जुनापाशी थांबू नकोस, सौप्तिक पर्वापर्यंत ये. अश्वत्थाम्याचं दुःख खोटं नव्हतं. त्याच्या बापाला कपटाने मारलं होतं, शस्त्र खाली ठेवलेल्या द्रोणांचं मस्तक उतरवलं होतं. त्याची तक्रार तुझ्या सगळ्या तक्रारींपेक्षा खरी होती. तो रात्री पांडवांच्या शिबिरापाशी गेला, आत शिरण्याआधी त्याने शंकराची आराधना केली, देव प्रसन्न झाला, हातात खड्ग मिळालं. मग त्याने झोपलेल्यांना मारलं. द्रौपदीची पाच मुलं मारली. देव पावला होता, सूड न्याय्य होता, आणि तरीही व्यासांनी त्या रात्रीला पराक्रम म्हटलं नाही. त्याच्या कपाळीचा मणी गेला, भळभळती जखम घेऊन एकटं भटकण्याचा शाप लागला. आपल्याकडे अजून म्हणतात, तो तेल मागत फिरतो. खऱ्या दुःखाला आणि खऱ्या पूजेलाही निरपराधांना मारण्याचा परवाना मिळत नाही, हे त्या ग्रंथाने इतकं स्पष्ट लिहून ठेवल्यावर आपण आणखी कुठलं शास्त्र शोधणार आहोत?

तुझ्या प्रोफाइलवर शिवाजी महाराजांचं चित्र आहे. मलाही महाराज प्रिय आहेत, आणि या शहरात राहून जास्तच, कारण ते इथे येऊन गेलेत. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा आधी भागानगरला आले, गोवळकोंड्याच्या तानाशहाचे पाहुणे म्हणून. तो कुतुबशहा, आणि त्याचा मुख्य कारभारी मादण्णा, ब्राह्मण. लष्कराने वाटेत रयतेला कसलाही उपद्रव देऊ नये अशी सक्त ताकीद होती. दोघा राजांचा तह झाला, मानपान झाले. तिथून महाराज श्रीशैलाला गेले, आणि तिथला प्रसंग सभासदाने बखरीत लिहून ठेवला आहे. मल्लिकार्जुनाच्या त्या जागी त्यांना इतका उमाळा दाटून आला, की देवीपुढे आपलं मस्तक वाहून टाकावं असं त्यांना वाटलं. तसे ते तयारही झाले, तेव्हा देवीनेच त्यांना थांबवलं.

अनिकेत, यावर विचार कर. आयुष्यभर तलवार वापरलेला राजा. अफझलखानाने तुळजापूर-पंढरपूरला दिलेला उपद्रव त्याच्या स्मरणात असणार. नुकताच एका मुसलमान बादशहाच्या घरी जेवून आलेला. आणि भक्ती अंगात आली तेव्हा त्याचा हात तलवारीकडे गेला तो स्वतःच्या मानेसाठी. राज्य करायला त्याने तलवार शत्रूवर उगारली, ते राजकारण होतं आणि त्याला तो राजकारणच म्हणत होता. देवापुढे उभा राहिला तेव्हा द्यायचं ते स्वतःचं द्यायचं, हे त्याला कळत होतं. खाफीखान हा महाराजांना वाईटसाईट बोलणारा इतिहासकार, मोगलांच्या बाजूचा, पुढे निजामाच्या पदरी राहिलेला. त्यालाही लिहावं लागलं, की मशिदींना, कुराणाला आणि बायकांना धक्का लावायचा नाही असा शिवाजीचा नियम होता. वैऱ्याने दिलेली ही ग्वाही आहे.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, आणि ते मी कितीतरी वर्षं मनात घोळवलं आहे. भक्तीचं काम आपल्यावर चालतं. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर यांना आपले षड्रिपू म्हटलंय, आणि त्या यादीत कुठल्याही जातीचं नाव नाही. नाम घेऊन, उपास करून, वारी चालून माझा राग तसूभर उतरला, तर देवाचं काम झालं. तेच करून राग चढला, तर मी देवाचं नाव घेऊन दुसऱ्याच कुणाची तरी पूजा केली. आज सगळीकडे सांगितलं जातं की धर्म धोक्यात आहे, त्याचं रक्षण कर. तुमच्याकडे आठवड्यावर निवडणूक आली आहे, तेव्हा हे जरा जास्तच ऐकू येत असेल. जो भक्त देवाचं रक्षण करायला निघतो, त्याने नकळत देवाला स्वतःहून लहान केलेलं असतं. पसायदान मागताना ज्ञानोबांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा दुष्टपणा जावा एवढं मागितलं. अजून विशीही न गाठलेल्या मुलाचं मागणं आहे ते, ज्याच्या आईबापांना धर्माच्याच नावाने देहत्याग करायला लावला, आणि तो धर्म परक्यांचा नव्हता.

आता फलकाचं. तो तू रंगवू नकोस. दुसऱ्याने रंगवला तर वेशीवर उभा राहून काढायला लाव. एकट्याला जमणार नसेल तर आधी सरपंचांकडे जा, देवस्थानच्या पंचांपुढे उभं राहून बोल. बोलताना हैदराबादच्या आत्याचं नाव घेऊ नकोस. तुझं स्वतःचं म्हणून बोल, नाहीतर ते ऐकणार नाहीत. मुलं तुला भित्रा म्हणतील, काही दिवस तुझ्याशी बोलणार नाहीत. ते सोपं नाही हे मला कळतं, कारण तुझे सगळे मित्र त्याच गटात आहेत. त्यांना एक विचार. म्हाळसाईची ओटी भरतात तो हिरवा चुडा इतकी वर्षं कुणाकडून येतो? आपल्या गावच्या जत्रेत बांगडीचं पाल मणियारांचंच असतं. तुझ्या आईच्या लग्नाचा चुडाही त्याच घराने भरला होता. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या चाचींना विचार, पंचांच्या घरातल्या कुठल्या कुठल्या सुनांचे हात त्यांनी दाबून दाबून मऊ केलेत, त्यांना नावानिशी आठवेल.

देगेबद्दल मी तुझ्या बाबांना वेगळं लिहिते आहे. यंदा ती महाप्रसादाला जाऊ नये असं माझं म्हणणं आहे. देवस्थानला दुसरी घेऊन द्यायचे पैसे मी देईन. तू एक काम कर. त्या मोमीन घरातलं कुणी सोलापूरला किंवा लातूरला आहे का, याचा शोध घे. सोलापुरात विणकरांची बरीच घरं आपल्या भागातून गेलेली आहेत असं माई म्हणायची. गावातल्या जुन्या माणसांना विचारताना घाई करू नकोस. आधी कुणी काही सांगणार नाही. सापडलं कुणी तर देग त्यांची आहे. त्यांना नको असेल, तर तिचं काय करायचं ते त्यांनीच सांगावं.

मी चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी येते, तिकीट काढलंय. ओटीसाठी चुडा इथल्या लाडबाजारातून आणणार नाही, जत्रेतच घेईन. भरीत-रोडग्यासाठी वांगी आपल्या मळ्यातली ठेवायला आईला सांग, आणि स्टेशनवर तूच घ्यायला ये. माझं सामान जड आहे, पुस्तकं आणते आहे तुझ्यासाठी.

तुझी,
आत्या